वर्षाच्या आतला उन्हाळा

मार्चअखेर इंग्लंडात घड्याळं एक तास पुढे झाली, की त्या रविवारी मी शेडचं कुलूप काढते. हिवाळाभर गंजून ते असं हट्टाला पेटलेलं असतं की दोन शिव्या ऐकल्याशिवाय उघडत नाही, एक मराठीतली आणि एक इंग्लिशमधली. आत कोळ्यांची जाळी, बार्बेक्यूचा सांगाडा, माझ्या नवऱ्याने हौसेने घेतलेली आणि एकदाच चालवलेली सायकल. त्या सगळ्याच्या मागे बॅटांची लांबलचक पिशवी. ती ओढून बाहेर काढायची, चेन उघडायची आणि वास येऊ द्यायचा. चामडं, वाळलेली माती आणि खोबरेल तेल.

बेसबॉलचा ग्लोव्ह थंडीत पडून राहिला की पापडासारखा कडक होतो. इथले लोक त्याला दुकानातून खास तेल आणून लावतात. आमच्याकडे खोबरेल. आई आधी आमच्या डोक्याला लावायची आणि त्याच हाताने उरलेलं ग्लोव्हला. त्यामुळे शाळेत माझ्या वेण्यांना आणि मैदानावर माझ्या ग्लोव्हला एकच वास यायचा, आणि दोन्हीकडे पोरं नाकं मुरडायची. मुरडेनात का. ग्लोव्ह लोण्यासारखा मऊ असायचा आणि बॉल त्यातून निसटायचा नाही.

हो, बेसबॉल. लंडनजवळच्या स्लाऊमध्ये. मराठी घरात. "यू आर इंडियन, अँड नॉट क्रिकेट?" असं भुवया उंचावून विचारणारे गोरे, आणि "अगं, क्रिकेट सोडून हे काय भलतंच?" असं विचारणारे आपले, दोघांनाही उत्तरं देऊन देऊन माझा जन्म गेला. आई मूळची अमरावतीची. कॉलेजात असताना सॉफ्टबॉल खेळायची, युनिव्हर्सिटीच्या मुलींच्या टीममध्ये पिचर होती. म्हणजे समोर बॅट घेऊन उभ्या असलेल्या मुलीला चेंडू फेकणारी. विदर्भातल्या मुली तेव्हा सॉफ्टबॉल खेळायच्या यात नवल काय, असं ती म्हणायची. नवल इथल्यांना वाटायचं, आणि त्याहून जास्त पुणेकरांना. माझं मंदारशी लग्न ठरलं तेव्हा त्याच्या आईने कौतुकाने विचारलं होतं, "सॉफ्टबॉल म्हणजे टेनिसचाच प्रकार ना हो?" आईने चहाचा कप खाली ठेवला आणि त्यांना उभं राहून, पदर खोचून, हात गरकन फिरवून दाखवला. लग्न तरीही झालं.

लग्न होऊन आई इथे आली तेव्हा बाबा ट्रेडिंग इस्टेटमधल्या, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या, एका वेअरहाऊसमध्ये कामाला होते. रविवारी मला बाबागाडीत घालून ती पार्कात जायची. तिथे एका कोपऱ्यात काही कॅनेडियन आणि अमेरिकन माणसं आपापल्या पोरांना घेऊन बेसबॉल खेळायची. आई तीन रविवार नुसती कुंपणापाशी उभी राहिली, आणि चौथ्या रविवारी बाबागाडीला ब्रेक लावून आत गेली. साडी, वर कार्डिगन, पायात बाटाच्या चपला. "मे आय थ्रो?" त्यांनी हसत हसत बॉल दिला. पुढचं बाबा सांगायचे, कारण त्या रविवारी तेही आले होते आणि कुंपणाबाहेर माझ्यापाशी थांबले होते. आईने खालून हात फिरवून बॉल टाकला आणि बॅटवाला गृहस्थ बॅट न फिरवता तसाच उभा राहिला. मग त्यांनी पुढच्या रविवारी तिला चहाला बोलावलं.

ती माणसं यथावकाश आपापल्या देशी गेली. कोपरा राहिला आणि आई राहिली. तिने इस्टेटमधल्या कामगारांची, आजूबाजूच्या घरांतली पोरं गोळा केली आणि मुलांची टीम सुरू केली. पंजाबी, पाकिस्तानी, सोमाली, पुढे पोलिश. बाबांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. ते पांढऱ्या रेघा मारायचे. शनिवारी संध्याकाळी रंगाचं यंत्र ढकलत, जीभ दातात धरून, इतक्या सरळ रेघा की शेजारच्या क्रिकेट क्लबवाल्यांनी एकदा त्यांना उसनं मागितलं होतं. बाबा म्हणाले, "माझ्या मिसेसला विचारा." मिसेसने नाही म्हटलं.

क्रिकेट रक्तातच असलेल्या पोरांना बेसबॉल शिकवणं म्हणजे एक गंमतच असते. बॉल मारला की आमचं पोरगं बॅट घेऊनच धावत सुटतं. बॅट टाकून द्यायची असते आणि मोकळ्या हाताने पहिल्या बेसकडे, म्हणजे पळून गाठायच्या पहिल्या टप्प्याकडे, पळायचं असतं, हे डोक्यात शिरलं तरी हातात शिरत नाही. घरी आईबापांनी टीव्हीसमोर बसवून शिकवलेलं असतं की बॅट शेवटपर्यंत सोडायची नाही, रेघेपलीकडे टेकवायची. मग कुंपणापाशी उभी राहून आई ओरडायची, "बॅट टाक! पय! अवं पय!" आमच्याकडे वऱ्हाडात पळ म्हणत नाहीत, पय म्हणतात. तीस-पस्तीस वर्षांत त्या मैदानावर खेळलेल्या प्रत्येक पोराला, त्याची मायबोली कोणती का असेना, तो एक शब्द येतो. मध्यंतरी हाय स्ट्रीटवर बस सुटत होती, आणि एका दाढीवाल्या माणसाने आपल्या लेकाला पुढे ढकलत "पय!" म्हटलेलं मी या कानांनी ऐकलं आहे. आता सांगा, वारसा म्हणजे अजून काय असतं?

मग तो हिवाळा आला. दिवाळीनंतर बाबा गेले. चालते बोलते गेले, रेघांच्या रंगाचा डबा नवीन आणायचाय म्हणत होते. बाबांच्या दिवसांसाठी म्हणून सिंधूकाकू, माझ्या धाकट्या काकांची बायको, अमरावतीहून आली आणि आईला सोबत म्हणून राहिली. आई खंगली वगैरे नाही. ती चिडली. "मले न सांगता कसे गेले?" हे ती रोज विचारायची. जानेवारीत तिला खोकला झाला, तो छातीत उतरला, आणि बाहेर झाडांना कोंब फुटायच्या आत तीही गेली. पंचेचाळिसाव्या वर्षी स्वतःला पोरकी म्हणवून घ्यायला लाज वाटते. पण दुसरा शब्द नाही. आईबाप नाहीत त्याला पोरकंच म्हणतात, वय विचारत नाहीत.

आईच्या तेराव्याला आईबाबांचं घर माणसांनी भरलं होतं. सगळे हळू आवाजात बोलत होते. मला हळू आवाजाची चीड आहे. "अनघा, टेक युवर टाइम." "बी काइंड टू युवरसेल्फ." काउन्सिलमध्ये मी ज्या ऑफिसात काम करते तिथून फुलं आणि एक पत्रक आलं होतं, त्यात शोकाच्या पायऱ्या दिल्या होत्या, जिना चढायचा असल्यासारख्या. माझा धाकटा भाऊ निखिल मँचेस्टरहून आला होता. तो तिथे हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. दोघं स्वयंपाकघरात उभे होतो. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. तो म्हणाला, "ताई, बाहेर येतेस?"

मागच्या अंगणात गारठ्यात आम्ही बॉल फेकायला लागलो. मी पांढऱ्या साडीत, तो नुकताच पूजेवरून उठलेला. फट्. ग्लोव्हमध्ये बॉल बसला की जो आवाज होतो, तो सबंध बालपणभर संध्याकाळी त्या अंगणात व्हायचा. फट्. बॉल त्याच्याकडे गेला की मी मोकळी, माझ्याकडे आला की मला तो धरायचाच आहे, बाकी काही करायचं नाही. खिडकीत हळूहळू चेहरे जमले. शेवटी सिंधूकाकूने दार उघडलं. "अवं अनू! काय करून राहिले तुम्ही दोघं? तेरावं आहे आज माय तुह्या आईचं!"

"म्हणूनच, काकू," मी म्हणाले, आणि जोरात फेकला. निखिलचा पंजा लाल झाला.

आता इराबद्दल. इरा माझी मुलगी, तेव्हा बारा वर्षांची. निखिल आणि मी बरे खेळायचो, एवढंच. इराच्या मनगटात मात्र आई उतरली होती. आईने तिला सॉफ्टबॉलसारखं खालून फेकायला शिकवलं. बेसबॉलमध्ये सगळे वरून फेकतात, पण खालून फेकू नये असा नियम नाही, हे आईने फार पूर्वीच एका अंपायरला नियमांचं पुस्तक उघडायला लावून सिद्ध केलं होतं. पहिल्यांदा बघणारी टीम हसायची. शेपटी वेणीची मुलगी, गोल गरागरा हात, हा काय प्रकार! दोन पोरं बाद झाली की हसू थांबायचं. आई आणि इरा, दोघी शनिवारी सकाळी पार्कात जायच्या. सत्तरीची आजी, गुडघ्याला पट्टा, खुर्चीवर बसून बॉल झेलायची. इराचं मराठी अर्धंमुर्धं, आईचं इंग्लिश तिच्या मर्जीचं. पण त्या दोघींचं भांडणसुद्धा नीट व्हायचं.

आई गेली आणि इराने बॉल खाली ठेवला. रडली-भेकली नाही, आदळआपट नाही. मार्चमध्ये मी म्हटलं, "चल, हात मोकळा करू." ती म्हणाली, "मी नाही टाकणार, मम्मा. आजी नाही बघत आहे तर कशाला?" पुढचे कित्येक दिवस मी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या आवाजात विचारून बघितलं. उत्तर तेच. तिच्या शाळेतली मिस फोनवर म्हणाली, मुलीवर दडपण आणू नका, यंदा तिला ब्रेक घेऊ द्या. मंदार म्हणाला, "अनघा, सोड ना. पोरगी दमलीय." त्याचा हेतू चांगलाच होता. सगळ्यांचे हेतू चांगले असतात, त्यानेच तर माणूस जेरीस येतं. मला मात्र मनातून धडकी भरली होती. आईबाबांचे फोटो होते, कपडे होते, आईच्या हाताचं लोणचंसुद्धा अजून बरणीत होतं. पण ती जशी चालायची-फिरायची तशी ती आता एकाच ठिकाणी शिल्लक होती, या मुलीच्या उजव्या हातात. तो हात थांबला तर आई खरीच गेली. तो उन्हाळा माझ्यासाठी एवढ्याच गोष्टीचा होता. बाकी हारजीत गेली खड्ड्यात.

टीम बंदच पडायची वेळ आली होती. कोच नाही, रेघा मारायला कुणी नाही. मैदानाचं बुकिंग कोणाच्या नावावर ठेवायचं असं विचारणारा मेल आला, तो मी ऑफिसात बसून वाचला आणि तिथल्या तिथे उत्तर दिलं, माझ्या. कोचिंग मी जन्मात केलं नव्हतं. रेघांचं यंत्र पहिल्यांदा ढकललं तेव्हा पहिल्या बेसची रेघ थेट क्रिकेटवाल्यांच्या दिशेने निघाली. बाबा असते तर त्यांनी डोळे मिटले असते.

सीझनच्या पहिल्या रविवारी नारळ फोडायचा ही आईची प्रथा. नारळ, साखर, खोबऱ्याचा तुकडा प्रत्येक पोराच्या तळहातावर. हल्ली त्याआधी सगळ्या पालकांना अ‍ॅलर्जी विचारावी लागते, तीही आई विचारायची, मोठ्या गंभीरपणे. काकू तोवर अमरावतीला परतली होती. तिचा आदल्या दिवशी व्हिडिओ कॉल आला.

"नारळ नको फोडू वं अनू. वर्षाच्या आत शुभकार्य करत नाहीत आपल्यात. सण नाही, वार नाही, गोडधोड नाही."

"हे शुभकार्य नाही, काकू. बेसबॉल आहे."

"तेच तं म्हणते मी! आईबाप गेले एका हिवाळ्यात, अन् तू पोट्ट्यांसंगं मैदानात उड्या मारशील? लोक काय म्हणतील?"

"स्लाऊतले लोक? ते विचारतील क्रिकेट का नाही."

काकूला हसू आलं, ते तिने पदराआड दाबलं, आणि मग तिचे डोळे भरले. तिला आईशिवाय करमत नव्हतं, हे मला माहीत होतं. दोघी जावा रोज संध्याकाळी फोनवर तासभर भांडायच्या. पण मी ऐकलं नाही. वर्षभर सण नाही, हे माझ्या लक्षात येतं. ज्यांचं घर ओकंबोकं झालंय त्यांना नाचायला लावू नये, म्हणून ती रीत असणार. पण दुःख पाळायचं म्हणजे हातपाय बांधून बसायचं, हे मला कुणी पटवून देऊ शकलं नाही. माझी आई मेली म्हणून मी नऊ पोरांना खोबरं द्यायचं नाही? का म्हणून? मी नारळ आपटला. पहिल्या फटक्यात फुटला नाही, दुसऱ्यात फुटला, पाणी माझ्या बुटांवर उडालं. क्युबा नावाचा पोलिश मुलगा म्हणाला, "आजी एका फटक्यात फोडायची." मी म्हटलं, "माहितीये मला."

इरा आली होती. मी जबरदस्ती केली नव्हती, टीमला नऊ पोरं हवीत म्हणून ती आली. तिने स्वतःहून सगळ्यात लांबची जागा घेतली, उजवीकडे कुंपणाजवळ, जिथे बॉल क्वचितच येतो. तिथे उभी राहून ती गवत उपटायची. आमच्या मैदानावरून हीथ्रोला उतरणारी विमानं इतकी खालून जातात की चाकं मोजता येतात, आणि तेवढा वेळ कोणाचं कोणाला ऐकू येत नाही. बोलणारा तोंड उघडं ठेवून थांबतो, विमान गेलं की तिथूनच पुढे सुरू करतो. बाहेरगावच्या टीम गोंधळतात. आम्हाला सवय आहे. मी कितीदा तरी विमान डोक्यावर असताना इराच्या दिशेने बघून म्हणून घेतलं, "टाक ना गं बाळा." कुणाला ऐकू गेलं नाही ते बरंच झालं.

मे सरला, जून सरला. वारा इस्टेटमधल्या चॉकलेटच्या कारखान्याकडून आला की मैदानभर चॉकलेटचा वास सुटायचा आणि पोरांना भुका लागायच्या. आम्ही हरत होतो. थोडंथोडकं नाही, सपाटून. क्युबा वरून फेकायचा, जीव तोडून फेकायचा, पण लहान मुलांच्या खांद्यांना जपायचं म्हणून एका दिवसात किती बॉल टाकायचे याला मर्यादा असते. त्याची मर्यादा संपली की आमचा तमाशा सुरू व्हायचा. पालक येऊन समजुतीने सांगायचे, "मिसेस, यंदाचं वर्ष तुम्हाला जड आहे, पुढच्या वर्षी बघू." एक बाई तर माझा दंड थोपटून म्हणाली, "यू हॅव डन इनफ." मी म्हटलं, रविवारी दहाला या, उशीर करू नका. घरी येऊन मी सिंकमध्ये मातीचे मोजे घासताना ढसाढसा रडायचे, आणि मोजे पिळून वाळत टाकले की थांबायचे.

ऑगस्टमध्ये एकदा निखिल आला. चाळिशी उलटली तरी तो अजून कॅचरसारखा, बॅटवाल्याच्या मागे बसून बॉल झेलणाऱ्यासारखा, उकिडवा बसू शकतो, फक्त उठताना आरडाओरडा करतो. तो आमच्या घरामागच्या अंगणात जाऊन नुसता बसला, ग्लोव्ह समोर धरून. इराला बोलावलं नाही. बराच वेळ बसला. इरा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहिली, वाटीतले पोहे खात. शेवटी तिने खिडकी उघडून विचारलं, "मामा, युवर नीज ओके?" तो म्हणाला, "नो." ती म्हणाली, "मग उठ ना." आणि खिडकी लावली. त्या रात्री जेवताना निखिल एकदम म्हणाला, "ताई, ती आईवर गेलीय. आपण ढकलून ती हलणार नाही." मला त्याचा राग आला, कारण ते खरं होतं.

शेवटची मॅच सप्टेंबरात, आमच्याच मैदानावर. केंब्रिजहून टीम आली होती, नीटनेटकी, एकसारख्या पिशव्यांची. त्यांचे पालक फोल्डिंग खुर्च्या आणि फ्लास्क घेऊन बसले. भली माणसं होती. सकाळी रेघा मी मारल्या होत्या आणि तोपर्यंत त्या बऱ्यापैकी सरळ यायला लागल्या होत्या. मंदार आला होता, निखिल आला होता. काकूला हे सगळं वर्षाच्या आत पटत नव्हतं, तरी मंदारच्या फोनमधून ती बघत होती, "मी काही खेळ नाही बघत, तुम्हाला बघते" असं म्हणत.

आम्ही मागे होतो, पण नेहमीइतके नाही. शेवटच्या डावात क्युबाचे बॉल संपले. अंपायरने मला खूण केली. दुसऱ्या एका मुलाला पाठवायचं मी ठरवलं होतं, तो बिचारा आधीच पांढरा पडला होता. मी त्याचं नाव घ्यायच्या आत मैदानाच्या उजव्या टोकाकडून इरा चालत आली. घाई नाही, काही नाही. मधल्या मातीच्या उंचवट्यावर, जिथे पिचर उभा राहतो, तिथे येऊन थांबली आणि क्युबाकडे हात केला. क्युबाने बॉल दिला. मी मंदारकडे बघितलंसुद्धा नाही.

तिने हात फिरवला. बॉल कॅचरच्या डोक्यावरून कुंपणाला लागला.

सहा महिने न फेकलेला हात तो. दुसरा बॉल जमिनीत. तिसरा बाहेर. चौथा बाहेर. चार बॉल बाहेर गेले की बॅटवाल्याला न मारताच पहिला बेस मिळतो. तो गेला. त्याच्यामागचा गेला. त्याच्यामागचाही. सगळे बेस भरले, आणि आता बाहेर जाणाऱ्या प्रत्येक चार बॉलांना त्यांचा एक रन आयता. खुर्च्यांमधून मवाळ आवाज यायला लागले. "नेव्हर माइंड, स्वीटहार्ट." "वेल ट्राइड, लव्ह." समोरच्या टीमचे पालकसुद्धा टाळ्या वाजवत होते, दयेच्या टाळ्या, बोटांच्या टोकांनी. माझ्या डोक्याची शीर तडतडत होती. एक रन. अजून एक. इराचे कान लाल झाले होते, घाम वेणीतून मानेवर उतरत होता. मागे निखिल काहीतरी म्हणाला, ते विमानात गेलं.

मग मी हात वर करून वेळ मागितली आणि तिच्याकडे चालत निघाले. पावलं टाकताना शब्द जुळवत होते. छान प्रयत्न केलास, बाळा. पुरे आता. आजीला आवडलं असतं. तोंडात अगदी मऊ मऊ शब्द होते, कुठून आले देव जाणे. मी तिच्यासमोर उभी राहिले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि म्हणाले, "इरा, पुरे झालं, राजा. खूप केलंस तू."

तिने माझ्याकडे बघितलं. डोळे कोरडे होते.

"तू पण?"

"काकूआजी म्हणते पुरे. मिस म्हणते पुरे. सगळे म्हणतात पुरे. तू एकटी नाही म्हणत होती," ती म्हणाली. "मला माहिती आहे बॉल बाहेर जाते आहे. मी टाकणार. तू जा ना, मम्मा."

वर्षभर ज्या शब्दांना मी दात-ओठ खाऊन उत्तरं दिली, ते शब्द मीच उचलून या मुलीला द्यायला आले होते. मी सरळ उभी राहिले. तिच्या टोपीवर हात ठेवणार होते, तोही ठेवला नाही. वळले आणि परत आले. अंपायरने विचारलं, "चेंजिंग हर, कोच?"

"नो," मी म्हणाले, इतक्या मोठ्याने की मंदारच्या फोनमधून काकूने "काय झालं वं?" म्हणून विचारलं.

पुढचा बॉल बाहेर गेला. त्याच्या पुढचाही. मॅच आम्ही कधीच हरलो होतो, हे आता सगळ्यांना दिसत होतं. टाळ्या थांबल्या होत्या. कॅचर धावत जाऊन कुंपणापासून बॉल घेऊन आला आणि तो क्षणभर हातातच धरून माझ्याकडे बघत राहिला, देऊ की नको असं. उंचवट्यावरून इराने ग्लोव्ह पुढे केला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडली, "आण इकडे!"